पाठपिशवी आणि प्रतिष्ठा

“सर, या वयात पाठीवर पिशव्या घेऊन हिंडणे शोभते का?” बँकॉकहून सिल्वासाला परतलो तो हा प्रश्न! म्हणजे मुख्याध्यापकाने सहल कंपनीचीच टोपी घालावी. सकाळी थेपले, रात्री पिठले. मग बँकॉकला जायचे कशाला? आम्ही उभयता चाओ फ्राया नदीतल्या साध्या बोटीने पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात गेलो. तिथल्या भिंतींवर रामकथेची १७८ चित्रे! सौ. दोन तास तिथून हलल्या नाहीत. टोपीवाले पाऊण तासात बाहेर. त्यांना खरेदीला जायचे होते. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली निघाले ते पायपीट करत झाशीपर्यंत पोचले. त्यांना कोणी प्रतिष्ठा विचारली नाही. येत्या सुटीत आम्ही अंगकोरला निघालो आहोत. पिशव्या त्याच.