काचबिंदूत लेझर आधी का नको?

काचबिंदूचे निदान झाले की आपल्याकडे बहुधा आधी थेंब लिहून दिले जातात आणि लेझरचा विषय निघतो तो थेंब पुरेनासे झाल्यावर. उघड्या कोनाच्या, सुरुवातीच्या काचबिंदूत हा क्रम उलटायला हवा. या लेझरमध्ये डोळ्यातले पाणी ज्या जाळीतून बाहेर पडते तिच्यावर सुमारे शंभर सूक्ष्म ठिपके देतात. काम काही मिनिटांचे, आणि निचरा सुधारून दाब उतरतो. ब्रिटनमधल्या सहा रुग्णालयांतील 718 नव्या रुग्णांवर ‘लाइट’ नावाची चाचणी झाली. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनंतर लेझर गटातल्या 74 टक्के रुग्णांचा दाब थेंबांशिवाय आटोक्यात होता. दाब उतरवण्यासाठी शस्त्रक्रिया त्यांच्यात कोणालाच लागली नाही. थेंबांच्या गटात ती 11 जणांना लागली. जीवनमानाच्या मोजमापात दोन्ही गट सारखेच निघाले, हेही सांगायला हवे. तरी 2022 मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने अशा नव्या रुग्णांना आधी लेझर देऊ करावे, अशी शिफारस केली.

थेंबांचा औषधी गुण वादातीत आहे. अडचण आहे ती रोज, न चुकता, आयुष्यभर ते घालण्याची. काचबिंदू दुखत नाही आणि बराच काळ नजरही धड वाटते. मग ज्याचा फायदा जाणवत नाही आणि ज्याने डोळा चुरचुरतो ते औषध माणूस किती वर्षे घालेल? त्यात हात थरथरणारी म्हातारी माणसे आणि दर महिन्याला नवी बाटली. गेलेली दृष्टी मात्र कोणत्याच उपायाने परत येत नाही. टांझानियातल्या मोशी इथल्या चाचणीत वर्षभरानंतर लेझरला 61 टक्के डोळ्यांत यश आले, टिमोलॉल थेंबांना 31 टक्के. साधनांची चणचण असलेल्या ठिकाणचा हा आकडा आपल्याला ब्रिटनच्या आकड्यांहून जवळचा वाटायला हवा.

आक्षेपांत तथ्य आहे. यंत्र महाग आहे, तालुक्याच्या गावी ते क्वचितच असते. पण एका यंत्रावर कित्येक रुग्णांचे काम होते, म्हणून जिल्हा रुग्णालयांसाठी ते घेणे हा सरकारने करावा असाच खर्च आहे. परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो, हेही खरे. तेव्हा लेझर पुन्हा करता येते आणि थेंबही हाताशी असतातच. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: आशियात बंद कोनाचा काचबिंदू बराच आढळतो आणि तिथे हे लेझर उपयोगाचे नाही, त्याचे उपचार निराळे. म्हणून कोन तपासल्याशिवाय कोणताच निर्णय घेऊ नये, आणि ही तपासणी आपल्याकडे घाईगर्दीत राहून जाते ही खरी चिंतेची बाब आहे. लेझरनंतर ‘आता बरा झालो’ असे समजून रुग्ण यायचा थांबला, तर दाब पुन्हा चढल्याचे त्याला कळणारही नाही. त्यामुळे पुढच्या तपासणीची तारीख लेझरच्या दिवशीच रुग्णाच्या आणि घरच्या एखाद्याच्या हाती लिहून द्यावी.