स्त्रियांच्या मासिकांची वेशभूषा

अमरावतीच्या वा अकोल्याच्या बसस्थानकावरील पुस्तकविक्रेत्याच्या मांडणीकडे दुरून पाहिले, तरी स्त्रियांसाठी काढलेले मासिक कोणते, हे अक्षरशत्रूलाही सांगता येईल. गुलाबी रंग, वेलबुट्टी, नाजूक वळणाचा ठसा आणि वर दागिन्यांनी मढलेली, कशाकडेही न पाहता हसणारी एक गोरी तरुणी! आमचा आक्षेप सौंदर्यावर नाही; या वेशभूषेने गृहीत धरलेल्या वाचकावर आहे. मजकुराचे पहिले अक्षर वाचण्यापूर्वीच ती बाईला बजावते की, तुझे विश्व एवढेच.

गुलाबी हा स्त्रीचा निसर्गसिद्ध रंग आहे, असे कोणी म्हणेल. परंतु १९१८ साली अमेरिकेतील एका व्यापारी पत्राने मुलग्यांना गुलाबी व मुलींना निळा रंग शोभतो, असा उपदेश केला होता. आणि आपल्याकडे लग्नात गुलाबी फेटे मिरवितात ते पुरुषच! रंगाला लिंग देतो तो बाजार, निसर्ग नव्हे.

वऱ्हाडात तर ही विसंगती अधिकच बोचते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध केली आणि पुरुषजातीला उलट जाब विचारला. त्याच वऱ्हाडात आज कपाशीची वेचणी मुख्यतः बायकाच करतात. त्या कापसाची साडी मुखपृष्ठावर झळकते. वेचणारीला मात्र तेथे जागा नाही.

संपादक म्हणतात, वाचकांची मागणीच तशी आहे. जो पदार्थ ताटात कधी वाढलाच नाही, तो आवडत नाही हे ठरविले कोणी? शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' मासिक काढले, विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. स्त्रीच्या बुद्धीशी बोलणाऱ्या मासिकाला मराठीत वाचक मिळतो, याला आणखी पुरावा कशास हवा?

या मांडणीचे परिणाम केवळ दृष्टीपुरते नाहीत. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला, मग ती विवाहित का असेना, मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. असला मजकूर आलाच तर बहुधा पानाच्या तळाशी, बारीक ठशात. त्वचेच्या निगेला मात्र समोरासमोरची दोन रंगीत पाने! नवऱ्याच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर नाव चढविण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बाईला यांपैकी कशाची गरज अधिक आहे, हे सांगावयास का हवे?

पाककृती छापूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. स्वयंपाक ही मोठी विद्या आहे. पण जेवणारे घरातील सर्वच असताना ती 'खास तिच्यासाठी' या मथळ्याखालीच का यावी?

संपादकांनी अंक छापावयास देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. हाच मजकूर, याच थाटात, याच लाडिक भाषेत सुशिक्षित पुरुषापुढे ठेवला, तर तो अपमान समजेल काय? समजणार असेल, तर तो स्त्रीचाही अपमानच होय. तिने तो आजवर वर्गणी भरून सोसला, एवढाच काय तो भेद!