पिवळ्या दिव्याचा मालक कोण?

बँकेतला किंवा रुग्णालयातला नेटवर्कचा रॅक उघडून मोठ्या स्विचच्या मागे पाहिलं, तर बहुधा दोन पॉवर सप्लाय दिसतात. दोन्हींवर हिरवा दिवा हवा. एकाचा पिवळा झाला तरी नेटवर्क चालूच राहतं, कारण दुसरा सगळा भार उचलतो. आणि नेमकं इथेच पाणी मुरतं. तक्रार येत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि काही महिन्यांनी दुसराही गेला की सगळे म्हणतात, ‘अचानक बंद पडलं’. वास्तविक ही यंत्रं स्वतःचं तापमान, पंख्यांचा वेग, वीजपुरवठा सतत मोजत असतात आणि बिघाड झाला की अलार्मही देतात. तो कुणी बघायचा, हे मात्र ठरलेलं नसतं. देखभालीच्या करारात ‘नेटवर्क 99.9 टक्के चालू’ अशी अट असते. पिवळा दिवा लागलेला स्विच ही अट शंभर टक्के पाळतो! म्हणून करारात अलार्मची जबाबदारी वेगळी लिहिली पाहिजे, असं माझं मत आहे.

अलार्म वीजपुरवठ्याचेच नसतात, उष्णतेचेही असतात. 19 जुलै 2022 रोजी ब्रिटनचा पारा इतिहासात प्रथमच 40 अंशांच्या वर गेला. लंडनच्या गाईज आणि सेंट थॉमस रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटर त्या दिवशी बंद पडली आणि डॉक्टर कागद-पेनावर आले. गूगल आणि ओरॅकलच्या तिथल्या केंद्रांतली शीतयंत्रणाही त्याच दिवशी कोलमडली. अकोला-चंद्रपूरला 40 अंशांचं कुणाला कौतुक नाही. तिथे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. त्यात आपल्याकडची खास गोम अशी, की लहान सर्व्हर रूममध्ये स्विच यूपीएसवर असतात, एसी नसतो. वीज गेली की यंत्रं खोली तापवत राहतात आणि गार करणारं कुणी उरत नाही. आत जाणारी हवा 18 ते 27 अंशांची असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. बंद खोलीत तो मोडायला फार वेळ लागत नाही.

अलार्मची जबाबदारी ठरवा म्हटलं की तंत्रज्ञ म्हणतील, अलार्म इतके येतात की बघणाराच बधिर होतो. खरं आहे. पण तो दोष अलार्मचा नाही, न निवडता सगळेच चालू ठेवण्याचा आहे. रात्री माणसाला उठवण्यालायक गोष्टी मोजक्याच: पंखा थांबला, एक पॉवर सप्लाय गेला, आत येणारी हवा तापली. फार तापलं तर यंत्र आपोआप बंद होतंच की, हाही युक्तिवाद असतो. त्याने यंत्र वाचतं; रांगेतल्या ग्राहकाला त्याचा काय उपयोग? अलार्म आपोआप येतो यावरही विसंबू नये. यंत्राने धाडलेला अलार्मचा संदेश, म्हणजे ‘ट्रॅप’, बहुधा साध्या पोस्टकार्डासारखा जातो, पोच मिळत नाही; म्हणून दर पाच मिनिटांनी आपणच यंत्राकडे विचारणा करत राहावी. खर्चाचं म्हणाल, तर सेन्सर यंत्रातच असतात आणि झॅबिक्ससारखं देखरेखीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पैसे लागतात ते सुटा पॉवर सप्लाय जवळ ठेवायला आणि रात्री दोन वाजता तो घेऊन जाणाऱ्या माणसाला. करारात मोजायचेच असतील, तर दिवा पिवळा झाल्यापासून पुन्हा हिरवा होईपर्यंतचे तास मोजा.