अभ्यासिकेत कादंबरी का नको?

गावोगावी, वस्तीवस्तीत बाबासाहेबांच्या नावाने अभ्यासिका उभ्या राहिल्या. वर्गणी काढून, कुठे विहाराला लागून एक खोली बांधून, कुठे समाजमंदिराच्या माडीवर टेबल-खुर्च्या मांडून लोकांनी त्या उभ्या केल्या. मुले-मुली तेथे रात्री उशिरापर्यंत मान मोडून अभ्यास करतात. या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण एकदा तेथले कपाट उघडून पाहा. चालू घडामोडींचे अंक, गणित-बुद्धिमत्तेची गाईडे, जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच. कादंबरी? चित्रांचे पुस्तक? पक्ष्यांची, ताऱ्यांची ओळख करून देणारे काही? नाही! आणि एखाद्या मुलाने घरून कादंबरी आणून वाचायला घेतलीच, तर शेजारचा दादा दटावतो, ‘टाइमपास करायचा तर बाहेर जा.’

या दटावण्यामागे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बाप बिगारी करतो, आई चार घरची धुणीभांडी करते आणि पोरगा वयोमर्यादेकडे डोळे लावून बसला आहे. जागा निघतात शेकड्यांत, अर्ज पडतात लाखांत. अशा घरात वेळ म्हणजे पैसा नव्हे, वेळ म्हणजे घरच्यांचे उपाशी पोट. तेव्हा त्या दादाला आम्ही दोष देत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. निवड होणार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांची. उरलेल्यांनी पाच-सहा वर्षे त्या खोलीत काढली, त्यांच्या पदरात काय पडले? शेजारी बसणारा मित्र होता की स्पर्धक?

छंद म्हणजे रिकामटेकड्यांचे काम, हे आपल्याला कोणी शिकविले? ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फुरसत होती, ते पोस्टाची तिकिटे जमवीत होते, सतार शिकत होते, दिवाळी अंकांवर चर्चा झोडत होते. आपल्या माणसांच्या हातात कला नव्हती काय? हलगी कोणी वाजविली, ढोलकी कोणी घुमविली, टोपल्या कोणी विणल्या, चामड्याला आकार कोणी दिला? पण ते सारे जातीने नेमून दिलेले काम होते. वाजविले तरी दाराबाहेर उभे राहून वाजवायचे, आणि त्याला कला म्हणायची सोय नव्हती. नेमून दिलेले काम आणि स्वतः निवडलेले काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वस्तीतली मुलगी कोणी सांगितले नसताना वहीच्या मागच्या पानावर चेहरे काढते, तेव्हा ती वेळ फुकट घालवीत नसते. तिच्या आजीला जे कधी मिळाले नाही ते ती करीत असते.

बाबासाहेबांचे उदाहरण देऊन पोरांना ‘अठरा तास अभ्यास करा’ म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी उरलेले बाबासाहेबही सांगावेत. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना, खिशात पैसे नसताना, जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके गोळा केली होती. १९१७ साली लंडनहून परतताना वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान युद्धात टॉर्पेडोने बुडाले, त्यात पुस्तकेही गेली. तरी तो नाद सुटला नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ बांधताना ग्रंथांची सोय हाच मोठा विचार होता. आणि उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना, हा माणूस व्हायोलिन शिकत होता, चित्रे काढण्याचाही नाद करीत होता! त्यांना कोणती परीक्षा द्यायची होती?

आपल्या साहित्याचा इतिहास तरी काय सांगतो? चिरागनगरच्या झोपडीत राहणाऱ्या अण्णा भाऊ साठेंना शाळा मिळाली दीड दिवसाची. त्यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बाबूराव बागूल माटुंग्याच्या लेबर कॅम्पातले. साठच्या दशकात राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी पदरमोड करून अनियतकालिके काढली, ती हातोहात फिरली. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) ‘अस्मितादर्श’ चालविले आणि नुसते अंक काढून ते थांबले नाहीत, लेखक-वाचक मेळावे भरविले. त्या नावातच सारे आले. लेखक व्यासपीठावर आणि वाचक सतरंजीवर, अशी विभागणीच नको. आणि वामनदादा कर्डकांची गाणी? आमच्या आयाबहिणींनी ती वह्यांमध्ये उतरवून घेतली, एकीची वही दुसरीकडे गेली, दुसरीने त्यात आपले एक गाणे घातले. दादांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, हेही विसरू नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आठवड्यातून एक दिवस, रविवारी संध्याकाळी दोन तास, अभ्यासिकेतली गाईडे मिटवा. प्रत्येकाने एक वस्तू आणावी. वाचलेली कादंबरी, काढलेले चित्र, जमविलेली नाणी, बुद्धिबळाचा एखादा अडलेला डाव, काहीही. तिच्याबद्दल बोलावे, दुसऱ्याचे ऐकावे. बक्षीस नको, पहिला-दुसरा क्रमांक नको. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ तर मुळीच नको. आपले निम्मे कार्यक्रम त्यातच आटोपतात. कोणाच्या चित्राला हसायचे नाही. आडनाव विचारायचे नाही आणि पोटजात तर अजिबात नाही. हा रोग आपल्यातही आहे, उगाच झाकून कशाला ठेवायचा?

आणखी एक. ‘वैचारिकच वाचा’ असा दंडक घालू नका. कोणी बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा आणील, कोणी गॉर्कीची ‘आई’, कोणी प्रेमचंदांचे ‘गोदान’. तिन्ही एकाच सतरंजीवर ठेवा. पुस्तकांतही सोवळेओवळे पाळायचे, तर मग चवदार तळ्यावर गेलो कशाला?

पैसा कुठून आणायचा, असे विचारणारे निघतीलच. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला शासन वर्गानुसार अनुदान देते. नुसत्या अभ्यासिकेला तो आधार नाही. पण साताऱ्यातल्या भिलारमध्ये २०१७ साली पंचवीस ठिकाणी, त्यांत लोकांच्या राहत्या घरांतही, पुस्तके मांडून ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. घरात चालते ते विहारात का चालू नये? जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचविला, तर कपाट भरेल. प्रत्येक पुस्तकाच्या आत एक कोरा कागद चिकटवा, वाचणाऱ्याने त्यावर नाव आणि दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे पुढच्याला आपल्या आधी कोण येऊन गेले ते कळेल.

वेळ मात्र मुलींना घरी परतणे सोपे जाईल अशीच ठेवावी. आणि कपाटाची किल्ली कोणाकडे द्यायची, यावर कमिटीने तीन बैठका घालवू नयेत. वस्तीतल्या एखाद्या अकरावी-बारावीतल्या मुलीकडे ती सोपवावी आणि मोठ्यांनी पुस्तक हवे असेल तर तिच्याकडे मागावे.