उणे येव्याची नदी

माझ्या सहीने एक ओढा एक वर्ष उलटा वाहिला आहे.

थट्टा नाही. नोकरीच्या सुरुवातीला माणदेशातल्या एका ओढ्यावर तलाव बसतो का, हे पाहायचे होते. ओढ्याचे पाणी कोणी कधी मोजलेले नव्हते, म्हणून इंग्लिस-डिसूझा यांचे १९२९चे सूत्र. पठारी भागासाठी ते सोपे आहे: वर्षाच्या पावसातून १७.८ सेंटीमीटर वजा करा, उरेल त्याला पावसानेच गुणा, २५४ने भागा, की येवा, म्हणजे वर्षात ओढ्याला येणारे पाणी, मिळतो. दुष्काळी सालाचा पाऊस होता १५ सेंटीमीटर. उत्तर आले उणे ०.१७. तीस सालांचे आकडे उतरत्या क्रमाने लावले, उणे आकडा इमानाने तळाशी जाऊन बसला, आणि त्याखाली माझ्यासह तिघांच्या सह्या झाल्या. वरच्या आकड्यांतून निघाला तो ‘७५ टक्के विश्वासार्ह येवा’. विश्वासार्ह!

इंग्लिस आणि डिसूझा यांना मी बोल लावणार नाही. त्यांनी पश्चिम भारतात ५३ ठिकाणी प्रवाह मोजले आणि मग सूत्र मांडले. आपण सूत्र उचलले आणि मोजणे सोडून दिले.

त्याहून जुना, पावसावरून येवा काढायचा स्ट्रेंजचा तक्ता, १८९२चा. त्यात पाणलोट तीन जातींचे: चांगले, मध्यम, वाईट. ‘वाईट’चा येवा ‘चांगल्या’च्या बरोबर निम्मा. म्हणजे पाऊस तोच, ओढा तोच. एक शब्द खोडला की पाणी दुप्पट. आणि ‘चांगले’ म्हणजे काय? पाणी न जिरवणारे. ज्या माळावर मेंढराला तोंड घालायला काडी नाही, तो आमच्या लेखी उत्तम. पुढाऱ्याला तलाव हवा असला की तालुक्यातले सगळे माळ एका दुपारी उत्तम झालेले मी पाहिले आहेत.

आता तक्ते जुने झाले, संगणक आला. त्यात ‘कर्व्ह नंबर’ नावाची अमेरिकन किल्ली आहे. ती ७५वरून ८५वर फिरवली की ६० मिलिमीटर पावसातून वाहणारे पाणी १० मिलिमीटरचे जवळजवळ २४ होते. खोडरबर गेले, उंदीर आला.

मुळात वर्षाचा एकूण पाऊस विचारणेच चुकीचे. भेगाळलेली काळी जमीन पहिले पाऊस घटाघटा पिते. भेगा मिटेपर्यंत ओढ्याला थेंब मिळत नाही. पन्नास सेंटीमीटर पाऊस रिमझिम पडला तर ओढ्यातली वाळूही नीट भिजत नाही, आणि परतीच्या पावसाच्या तीन संध्याकाळी पूल वाहून नेतात. माझ्या त्या ओढ्याकाठच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितले होते, “सायेब, औंदा वढा दोनच बारीला आला. येकदा घट बसायच्या आदल्या राती, येकदा दसऱ्याच्या मागं. दुसऱ्या बारीला दुपारपतूर व्हता.” कधी आला, किती वेळ टिकला, उरलेले वर्षभर कोरडा, सगळे आले यात. माझ्या अहवालात मात्र होता एक वार्षिक आकडा, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत.

विद्वानांची अडचण वेगळी. असा ओढा वर्षातले तीनशेहून जास्त दिवस शून्य असतो, आणि शून्याचा लॉग निघत नाही. मग काही जण शून्ये गाळतात, काही जण प्रत्येक शून्यात चिमूटभर पाणी घालतात. कोरडेपणा हाच ज्याचा स्वभाव, त्याला आधी ओला करून मग अभ्यासायचा! तेही नको असेल तर शेजारच्या मोठ्या नदीवरच्या सरितामापन केंद्राचा आकडा घ्या आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून टाका. म्हशीचे दूध मोजावे आणि वजनाच्या हिशेबाने शेळीचे सांगावे, तशातली गत.

शिवाय १८९२चा ओढा आज आहे कुठे? १९७२च्या दुष्काळातले पाझर तलाव, नालाबंडिंग, सिमेंट बंधारे, जलयुक्त शिवारचे चर, शेततळी. प्रत्येकाच्या प्रस्तावात वरून येणारे पाणी पूर्ण धरलेले. त्याच एका पाण्याचे पाच-सहा मालक, कागदावर सगळ्यांचे पोट भरलेले.

मी एकदा लेखी सुचवले होते की ओढ्यावरच्या फरशी पुलाच्या खांबावर रंगाने फूट-इंच आखावेत आणि पाणी आल्या-गेल्याची वेळ गावातल्या कोणाकडून तरी वहीत लिहून घ्यावी. खर्च रंगाचा डबा आणि थोडे मानधन. उत्तर आले, येवा आधीच निश्चित झालेला असल्याने मोजणीची आवश्यकता दिसून येत नाही.

डबा मी पदरचाच आणला. त्या साली ओढा एकदाच आला, रात्री, कोणी जागे नसताना. सकाळी जाऊन पाहिले तर दोन फूट चार इंचांच्या रेघेवर ओले गवत अडकले होते. त्या ओढ्याचा मोजलेला असा तेवढाच आकडा माझ्यापाशी आहे, आणि तो कुठल्याच अहवालात नाही.