विश्लेषण : हिमसरोवरापर्यंत माणसाने जायलाच हवे का?

सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हिमसरोवर ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री फुटले आणि तिस्ता नदीला महापूर आला. पन्नासहून अधिक जणांचा बळी गेला, अनेक जण बेपत्ता झाले. हे सरोवर धोकादायक असल्याचे शास्त्रज्ञ काही वर्षांपासून सांगत होते. मग उपाय का झाला नाही?

सरोवर का फुटले?

सुमारे ५,२०० मीटर उंचीवरील या सरोवराला काँक्रीटचा नव्हे, हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध आहे. काठाचा गोठलेला उतार पाण्यात कोसळला. त्याने उठलेल्या लाटेने बांध फोडला. सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी खाली आले आणि चुंगथांग येथील १,२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले.

उपग्रह पुरेसे का नाहीत?

उपग्रहाला सरोवराचा विस्तार दिसतो, खोली नाही. पाणी किती आहे, हे कळायचे तर होडी आणि ध्वनिलहरींनी खोली मोजणारे यंत्र तेथवर न्यावे लागते. बांधाच्या पोटात बर्फ आहे का, हेही जागेवरच तपासावे लागते. मात्र रस्ता नाही, हवा विरळ, भाग सीमेलगतचा आणि मोहिमेसाठी वर्षातले मोजकेच आठवडे. २०१६ मध्ये पाणी उपसण्यासाठी येथे पाइप टाकले गेले; पण सरोवराच्या आकारापुढे तो उपाय तोकडाच होता. सप्टेंबर २०२३ मध्ये पथकाने कॅमेरा आणि हवामान केंद्र बसवले. खालच्या गावांत भोंगे वाजवणारी यंत्रणा त्यानंतर उभी राहायची होती. त्याआधीच सरोवर फुटले.

येथेच खरी मेख आहे. लोंढ्याला चुंगथांग गाठायला साधारण दोन तास लागले. गाव रिकामे करायला दोन तास कमी नसतात, फक्त कुणी तरी उठवावे लागते.

आता काय?

२०२४ मध्ये केंद्राने चार हिमालयीन राज्यांतील अशा सरोवरांसाठी १५० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्याच वर्षी सिक्कीमच्या पथकाने सहा धोकादायक सरोवरांची पाहणी केली. दुसरीकडे, तिस्ता-३ चे धरण पुन्हा बांधण्याची शिफारस पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने जानेवारी २०२५ मध्ये केली. नवे धरण सुमारे ११८ मीटर उंच आणि काँक्रीटचे असेल. जुने ६० मीटरचे होते. वर दक्षिण ल्होनाकमध्ये अजूनही पाणी आहेच.