शुक्राचा पहिला धडा

सायंकाळचे पाच वाजले की रमजानमधल्या घराची खरी परीक्षा सुरू होते. अस्रची नमाज झालेली असते, मगरिबला अजून बराच अवकाश असतो. हरभरे शिजायचे असतात, भजी तळायची असतात आणि आईच्या घशाला पहाटेपासून पाण्याचा थेंब नसतो. सहा वर्षांचे पोर मात्र दिवाणावरून सतरंजीवर उड्या मारत असते. त्याला रोजा नाही. त्याची ताकद सकाळी होती तेवढीच संध्याकाळीही शिल्लक असते.

मूल शाळेत जात असेल तर आईला दिवसाचे चार-पाच तास तरी मोकळे मिळतात. मुलाला घरीच शिकवणाऱ्या कुटुंबात तेही नाही. कोणी मुलाच्या प्रकृतीमुळे, कोणी सततच्या बदल्यांमुळे, तर कोणी विचार करून हा मार्ग धरतो. नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: पुढे काय, आणि हे पोर एका जागी बसते तरी का? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते. दुसरा प्रश्न मात्र मुळातच चुकीचा आहे. सहा वर्षांच्या मुलाने एका जागी बसावेच कशाला?

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवली. पाने, बिया, खडे, शिंपले हेच तिथले शिक्षणसाहित्य झाले. रमजानचे घर तर अशा साहित्याने भरलेले असते. माणसे सहा, प्रत्येकी खजूर तीन, तर एकूण किती? पुदिन्याची पाने खुडायची, भिजवलेल्या हरभऱ्यातले खडे वेचायचे, ‘खजूर’ हा शब्द मराठीत डावीकडून उजवीकडे आणि उर्दूत उजवीकडून डावीकडे लिहायचा. वेळापत्रकात कालची आणि आजची इफ्तारी पाहून किती मिनिटांचा फरक पडला ते काढायचे. पहिल्या संध्याकाळी पश्चिमेला दिसलेली कोर मधल्या दिवसांत पूर्ण होते आणि शेवटच्या आठवड्यात सहरीच्या वेळी पूर्वेला बारीक होऊन दिसते. भूगोलाचा याहून चांगला तास कोणता? हाताला खरे काम मिळाले की पाय आपोआप थोडे शांत होतात.

मात्र प्रत्येक दिवस असा सुरळीत जात नाही. कधी सरबत सांडते, कधी खजुरांच्या बिया भिंतीवर आपटतात आणि कधी आईचा हातही उगारला जातो. मग इफ्तारीला बसल्यावर तिच्या दुआत शुक्रापेक्षा पश्चात्तापच जास्त असतो. अशा आयांनी हदीसच्या ग्रंथांतील दोन प्रसंग आठवावेत. नमाजमध्ये नातू पाठीवर चढला म्हणून पैगंबरांनी सजदा लांबवला. मागे एखादे मूल रडताना ऐकू आले की त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत. इबादतीत मूल लुडबुडले म्हणून इबादत बिघडत नाही.

कुरआनच्या ३१व्या सूरेला लुकमान या शहाण्या माणसाचे नाव आहे. मुलाला त्याने केलेला उपदेश त्यात आहे. उर्मटपणे चालू नये, आवाज खाली ठेवावा, इतक्या बारीक गोष्टी त्यात येतात. पण उपदेश नंतर येतो. त्याआधी लुकमानला मिळालेल्या शहाणपणाचा उल्लेख आहे आणि त्यासोबत लगेच शुक्राची, कृतज्ञतेची आज्ञा आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. शुक्र आधी बापाने शिकायचा, मग मुलाला शिकवायचा.

म्हणूनच पाच वाजताचा प्रश्न एकट्या आईवर टाकून चालणार नाही. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. दस्तरखानावर अल्हम्दुलिल्लाह म्हणणाऱ्या घरातल्या पुरुषांनी अस्रनंतरचा एक तास मुलाला मैदानावर, नाहीतर निदान गच्चीवर न्यावे. भजी तळणाऱ्या हातांना त्या एका तासाची शांतता मिळणे, हा तोंडी आभारापेक्षा मोठा शुक्र आहे.

आणि परत आल्यावर त्या पोराच्या हाती झाकलेले ताट द्यावे, शेजारच्या काकूंकडे पोचवायला. सांडू नये म्हणून ते जपून चालेल, दिवसभरात पहिल्यांदाच. काकू ताट रिकामे परत करणार नाहीत, हे आपल्या गावात सांगावे लागत नाही. ‘थँक्यू काकू’ म्हणत मूठभर शेंगदाण्याच्या वड्या घेऊन ते धावत जिना चढेल, तेव्हा अजान होत असेल. त्या दिवसाचा अभ्यास तिथे पूर्ण झाला असे समजावे.